बडी म्हणून माझा वाटा किती?

पत्र: "मावसभाऊ आणि मी डायव्हिंगला गेलो होतो, एकमेकांचे बडी, म्हणजे पाण्याखाली एकमेकांवर लक्ष ठेवणारे जोडीदार म्हणून. माझं अ‍ॅडव्हान्स्ड झालंय, त्याचं ओपन वॉटर, म्हणजे त्याआधीचा पहिला कोर्स, नुकतंच झालं होतं. आरोग्याचा फॉर्म भरताना तो दम्याच्या प्रश्नापाशी अडला. त्याला लहानपणापासून दमा आहे, अधूनमधून पंप घेतो. मीच म्हणालो, 'नाही लिही, नाहीतर डॉक्टरचं पत्र मागतील आणि आजचा दिवस फुकट जाईल.' डायव्हमास्टरने, म्हणजे पाण्याखालच्या गाईडने, आम्हा सहा जणांना २८ मीटरपर्यंत नेलं. मी भावाच्या टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा गेज पाहिला तेव्हा ७० बार होते. त्याने ओकेची खूण केली आणि मी फोटो काढत पाच-सहा मीटर पुढे गेलो. वळून बघतो तर तो सुसाट वर चाललेला. मी नेहमीच्या वेगाने वर आलो. बोटीवर त्याचा डावा पाय लुळा पडला. ऑक्सिजन दिला, नंतर रिकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे दाब वाढवलेल्या बंद खोलीत, उपचार झाले. आता तो चालतो, पण पाय बधिर आहे. सेंटर म्हणतं, वेव्हरवर (इजा झाल्यास सेंटरला जबाबदार धरणार नाही, या कागदावर) सही आहे, विषय संपला. भावाला दावा करायचा आहे. सेंटरच्या विमा कंपनीने ईमेल करून माझा लेखी जबाब मागितलाय. दम्याचं खरं सांगितलं तर त्याची केस पडेल. मावशी म्हणते, तुझ्या भरवशावर पाठवलं होतं. कायद्याने मी अडकतो का? जबाबात काय लिहू?" — दादा

दादा,

जबाबाकडे येते, पण आधी मला एक सांगा. भावावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दम्याचं कुणी सांगितलंय का? तुमच्या पत्रात सेंटर, विमा कंपनी, मावशी सगळे आहेत, डॉक्टर मात्र कुठेच नाहीत. मला शंका येते की फॉर्मवरचं ते "नाही" धावपळीत तसंच पुढे दवाखान्याच्या कागदावरही गेलं असावं. तसं असेल तर आजच भावाला फोन करा आणि त्याला डॉक्टरांशी बोलायला सांगा. वकिलाकडे नंतर जा.

२८ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या ३.८ पट असतो. तिथे घेतलेला श्वास वर येताना बाहेर पडला नाही, तर फुफ्फुसातली हवा त्याच पटीत फुगू बघते. शेवटचे दहा मीटर सगळ्यात वाईट, कारण तेवढ्याच अंतरात ती दुप्पट होते. घाबरलेला माणूस नकळत श्वास रोखतो. दम्याच्या रुग्णात श्वास न रोखताही आकसलेल्या श्वासनलिकांमागे हवा अडकू शकते. फुफ्फुसाला इजा होऊन ती हवा रक्तात शिरली की मेंदूपर्यंत जाते आणि काही मिनिटांत लक्षणं दिसतात. दुसरी शक्यता नायट्रोजनची. खोलीवर शरीरात विरघळलेला हा वायू झपाट्याने वर आल्यावर बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. तो मज्जारज्जूत सुटला तर पायातली ताकद आणि संवेदना जाऊ शकते. दोन्हींत तातडीचा उपचार जवळपास सारखाच असतो: ऑक्सिजन आणि चेंबर. त्यासाठी अमेरिकी नौदलाचं 'टेबल ६' हे पावणेपाच तासांचं उपचाराचं वेळापत्रक जगभर वापरतात. त्यामुळे त्या दिवशीच्या उपचारात दम्याची माहिती नसल्याने फारसा फरक पडला नसेल. मात्र फुफ्फुसाच्या पुढच्या तपासण्या, विमानप्रवास, पुन्हा पाण्यात उतरायचं की नाही, हे सगळं डॉक्टरांना काय ठाऊक आहे त्यावर ठरतं. पत्रावरून निदान करणारी मी कोण? पण अर्धवट माहितीवर निदान करायला लावणं हे फॉर्मवरच्या खुणेपेक्षा गंभीर आहे, आणि ते अजूनही चालू आहे.

कोर्टातही सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होईल. फॉर्मवर खोटं लिहिलं ही एक गोष्ट, आणि त्या खोट्यामुळे इजा झाली ही वेगळी. दुसरी गोष्ट सिद्ध करण्याचं काम सेंटरचं असेल. निदान नायट्रोजनकडे बोट दाखवत असेल, तर दम्याचा मुद्दा बराच बोथट होतो. फुफ्फुसाकडे दाखवत असेल, तर सेंटरचे वकील तो घट्ट धरून बसतील. म्हणून "खरं सांगितलं की केस पडली" हे तुमचं गणित मला पटत नाही. सेंटर एवढंच म्हणू शकतं की फॉर्मवर "हो" असतं तर आम्ही डॉक्टरांचं पत्र मागितलं असतं. ते खरंही आहे. २०२० साली सुधारलेल्या आणि आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत "हो" म्हणजे बंदी नसते. "हो" म्हटलं की पुढचे प्रश्न येतात आणि त्यांच्या उत्तरांनुसार डॉक्टरांची तपासणी लागते. तपासणीनंतर दमा आटोक्यात असलेल्या कित्येकांना डायव्हिंगची परवानगी मिळते. तुमच्या भावाला मिळाली असती की नाही, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता २८ मीटरबद्दल. तुमच्या पत्रात हा आकडा सहज येऊन जातो, मी मात्र तिथेच थांबले. ओपन वॉटरच्या प्रशिक्षणाची मर्यादा १८ मीटर आहे, अ‍ॅडव्हान्स्डची ३०. बहुतेक देशांत या मर्यादा कायद्यात नसतात, प्रशिक्षण संस्थांच्या नियमांत असतात, आणि "ती तर फक्त शिफारस" हे वाक्य सेंटरकडून तुम्हाला ऐकायला मिळेलच. पण निष्काळजीपणा ठरवताना न्यायाधीश विचारतात की या कामातल्या समंजस माणसाने त्या जागी काय केलं असतं. त्याचं उत्तर शोधताना हेच नियम टेबलावर येतात. डायव्हमास्टरने प्रशिक्षणाची कार्ड तपासली होती का, ब्रीफिंगमध्ये कमाल खोली किती सांगितली, किती बार उरल्यावर परत फिरायचं ठरलं होतं, हे प्रश्न दम्याइतकेच वजनदार आहेत. एक मात्र लक्षात ठेवा. शिकाऊ विद्यार्थ्याबाबत इन्स्ट्रक्टरची जबाबदारी आणि कार्डधारक डायव्हरबाबत गाईडची जबाबदारी कायदा एकाच मापाने मोजत नाही. भावाकडे कार्ड होतं. आपली मर्यादा किती, हे त्याला शिकवलेलं होतं.

खोली वाढली की हवा किती पटकन संपते ते बघा. १२ लिटरची टाकी २०० बारला भरली, तर तीत २४०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव सोडले की वापरायला १८०० उरतात. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस १८ मीटरवर ५६ लिटर घेतो आणि २८ मीटरवर ७६. म्हणजे ३२ मिनिटांचा डायव्ह २४ मिनिटांवर येतो. तोही माणूस शांत असेल तर, आणि नवखा माणूस शांत नसतो. तुम्ही गेज पाहिलात तेव्हा राखीव सोडून २० बार शिल्लक होते. याच हिशेबाने ती तीन मिनिटांची हवा झाली. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायलाच तीन मिनिटं लागतात, आणि ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा वेगळा. ७० बारला भाऊ ठीक आहे का हा प्रश्नच नव्हता. तुम्ही सगळ्यांनी तेव्हा वर निघालेलं असायला हवं होतं. हे डायव्हमास्टरने बघायचं होतं, भावाने बघायचं होतं आणि बडी म्हणून तुम्हीही.

इथे तुमचा वाटा येतो. आधी जे तुमच्या खात्यात नाही ते बाजूला काढते. भाऊ सुसाट वर गेल्यावर तुम्ही त्याच्या मागे तसेच गेला नाहीत, हे योग्य केलंत. रेस्क्यूच्या प्रशिक्षणात पहिल्यापासून हेच शिकवतात की दुसरा जखमी तयार करू नका. मावशींना हे सोडून दिल्यासारखं वाटलं असेल, तर त्यांना हे समजावून सांगायला हवं. पाच-सहा मीटरचं अंतर मात्र तुमचं आहे. हवा संपलेल्या माणसाला एका श्वासात पाच-सहा मीटर पोहून बडीपर्यंत जाणं अवघड असतं. अशा वेळी तो वर बघतो.

कायद्याने बडी अडकतो का? अडकू शकतो, पण क्वचित. दावे बहुतेक सेंटर, बोटमालक आणि इन्स्ट्रक्टर यांच्यावर होतात, कारण विमा त्यांच्याकडे असतो. बडीच्या जबाबदारीची चर्चा निघाली की ऑस्ट्रेलियातल्या योंगाला जहाजाच्या अवशेषांवरची २००३ ची घटना हमखास निघते. मधुचंद्राला आलेली एक नवखी डायव्हर तिथे बुडाली. तिचा बडी म्हणजे तिचा नवराच, रेस्क्यू डायव्हरचं प्रशिक्षण घेतलेला. तिला खाली सोडून तो वर आला होता. २००९ मध्ये क्वीन्सलंडच्या कोर्टात त्याने सदोष मनुष्यवधाची कबुली दिली, आणि त्या कबुलीचा पाया होता बडी म्हणून कर्तव्यात कसूर. तुरुंगातला काळ आधी १२ महिने होता, अपिलात १८ झाला. पुढे अमेरिकेतल्या अलाबामात त्याच्यावर खुनाचा खटला उभा राहिला. २०१२ मध्ये न्यायाधीशांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून तो काढून टाकला. तुमची गोष्ट तिच्या जवळपासही नाही, हे वाचून झोप उडवून घेऊ नका. पण बडी हा शब्द नुसता सोबतीपुरता नाही, एवढं त्या खटल्याने दाखवून दिलं. बरोबरीच्या दोन डायव्हरांत समोरच्यावर विसंबणं मर्यादित असतं. नवखा माणूस अनुभवी माणसावर विसंबला आणि त्या माणसाने ते स्वीकारलं, की वजन बदलतं. "तुझ्या भरवशावर पाठवलं होतं" हे मावशींचं वाक्य वकिलाच्या तोंडीही शोभेल.

तुमच्यापुढचा खरा धोका थेट दाव्याचा नाही. भावाने सेंटरवर दावा केला की सेंटर म्हणेल, यात दादाचाही वाटा आहे, त्यालाही प्रतिवादी करा. "नाही लिही" हे वाक्य त्यांना आयतंच मिळेल. म्हणून भावाचा वकील हा तुमचा वकील नाही. तो कितीही भला माणूस असला तरी त्याचं काम भावाचं हित बघणं आहे, आणि या प्रकरणात तुम्हा दोघांचं हित दर वेळी एकाच दिशेला नाही. तुम्ही वेगळा वकील बघा. तुमच्याकडे डायव्हिंगचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. काही योजनांत दुसऱ्याला झालेल्या इजेचं दायित्वही धरलेलं असतं, पण घटना वेळेत कळवणं ही अट असते.

वेव्हरवर "सही आहे, विषय संपला" हे सेंटरने म्हणायचंच असतं. काही ठिकाणी ते बरोबरही ठरतं. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये डायव्हिंगच्या वर्गातल्या मृत्यूबाबतचा दावा अपील कोर्टाने सही केलेल्या वेव्हरच्या आधारे रोखला होता. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये, वेगळ्या प्रकारच्या एका प्रकरणात, घोर निष्काळजीपणाची जबाबदारी असा कागद आगाऊ पुसू शकत नाही असं सांगितलं. ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्यापासूनच व्यावसायिकाला निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी करारातल्या कलमाने झटकता येत नाही. म्हणजे सही तीच, पण किंमत जागेनुसार बदलते. तुमच्या वेव्हरमध्ये कुठल्या देशाचा कायदा लागू म्हटलंय ते आधी शोधा. मग सेंटरचे कर्मचारी, बोटमालक आणि प्रशिक्षण संस्था यांची नावं त्यात आहेत का, आणि "आरोग्याची माहिती खरी दिली आहे" असं वाक्य आहे का ते बघा. शेवटचं वाक्य बहुतेक असेलच, आणि तिथे भावाची सही आहे.

चूक दोन्हीकडे असली तर काय होतं? बऱ्याच ठिकाणी कोर्ट टक्केवारी लावून भरपाईतून दावेदाराचा वाटा कापतं. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशी एक डायव्हर समुद्रातच राहिला आणि हजेरीच्या कागदावर मात्र त्याच्या नावापुढे तो हजर असल्याची खूण होती. तो काही तास एकटा तरंगत होता. २०१० मध्ये ज्युरीने त्याला सुमारे १६ लाख ८० हजार डॉलर मंजूर केले, तेही त्याच्या स्वतःच्या चुकीचा भाग वजा करून. उलट मेरीलँड, व्हर्जिनियासारख्या काही अमेरिकी राज्यांत दावेदाराची थोडीशी चूकही सबंध दावा बुडवू शकते, आणि अपघात बोटीवरचा असेल तर सागरी कायद्याचे नियम वेगळेच. कुठला नियम लागू होतो यावर दम्याची किंमत थोडी रक्कम की सगळा दावा, हे ठरेल. मुदतीचंही तसंच. समुद्रातल्या प्रवासी वाहतुकीच्या १९७४ च्या अथेन्स करारात दोन वर्षं आहेत, अमेरिकी सागरी कायद्यात तीन. वकिलाला पहिल्याच भेटीत हे विचारा.

आता जबाब. खोटं लिहू नका, आणि हे मी नुसतं नीतीचं म्हणून सांगत नाही. पंपाची चिठ्ठी कुठल्या तरी डॉक्टरांच्या नोंदीत असणारच, आणि इजेच्या दाव्यात वैद्यकीय इतिहास मागवला जातोच. दमा उघड असलेल्या दाव्याची बऱ्याच ठिकाणी फक्त रक्कम कमी होईल. दमा लपवताना पकडलेल्या दाव्यात भावाने सांगितलेल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही, अगदी २८ मीटरवरसुद्धा. लेखी खोटं सांगणं हा तुमच्यासाठी गुन्हाही ठरू शकतो.

पण खरं सांगायचं म्हणजे विमा कंपनीला लगेच आणि सगळं सांगायचं असंही नाही. पोलिसांनी किंवा कोर्टाने बोलावणं वेगळं. खासगी कंपनीच्या ईमेलला त्याच आठवड्यात सविस्तर जबाब देण्याचं बंधन सहसा नसतं. तुमची पॉलिसी त्याच कंपनीची असेल तर मात्र गोष्ट वेगळी. जबाब वकिलाने वाचल्याशिवाय जाऊ देऊ नका. त्यात फक्त तुम्ही पाहिलेलं आणि केलेलं लिहा: तुमच्या डायव्ह कॉम्प्युटरवरची खोली आणि वेळ, ७० बार, अंतर, आणि फॉर्म भरताना तुम्ही काय बोललात ते. "तो घाबरला असावा", "हवा संपली असेल" हे तुम्ही पाहिलेलं नाही. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" लिहा.

पुराव्याला हात लावू नका. दोघांचे डायव्ह कॉम्प्युटर बाजूला ठेवा आणि नोंदी उतरवून घ्या. पुढचे डायव्ह केले की जुन्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. तुमच्या फोटोंवर वेळ आहे. ७० बारनंतर तुम्ही काय करत होतात ते त्यातून दिसेल, आणि म्हणूनच ते काढून टाकायचा मोह होईल. काढू नका, आणि त्या दिवसांतले चॅटही पुसू नका. टाकी आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) सेंटरचे असतील तर ते उघडू नयेत, धुऊन भाड्याने देऊ नयेत, आणि टाकीतला उरलेला दाब, टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या नोंदी, हजेरीचा कागद जपून ठेवावा, असं पत्र भावाच्या वकिलाने पाठवायला हवं. याला आधीच उशीर झालाय.

भावाशी तुम्ही स्वतः बोला, आणि वकिलाच्या टेबलावर बसायच्या आधी. "दम्याचं मी खरंच सांगणार आहे, आणि तू आज डॉक्टरांना सांग" एवढंच. तो चिडेल. खूण त्याने केली, गेज त्याच्या हातात होता, कार्डावरची मर्यादा त्याची. तो सज्ञान आहे. हे सगळं खरं आहे, फक्त त्याच दिवशी त्याला ऐकवू नका.

मावशींकडे दोघं मिळून जा. तिथे "सगळं माझ्यामुळे झालं" म्हणून मोकळं व्हावंसं वाटेल. म्हणू नका, कारण ते अजून कुणालाच ठाऊक नाही. "मी त्याला नाही लिही म्हणालो, आणि खाली असताना त्याच्यापासून लांब गेलो" हे मात्र खरं आहे, आणि ते त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. बोलणं नाही झालं तरी जाऊन या.

विमा कंपनीला तूर्त एवढंच उत्तर पुरे: "तुमचा ईमेल मिळाला. मी कायदेशीर सल्ला घेत आहे, त्यानंतर माझ्या वकिलांमार्फत उत्तर देईन. अपघाताशी संबंधित सर्व उपकरणं आणि नोंदी तुमच्या विमाधारकाने आहे त्या स्थितीत जपून ठेवाव्यात, अशी विनंती आहे."